हवेची वाट मोकळी करताना: घरच्या घरी इनटेक पोर्टिंग

माझं पहिलं हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) मी दोन आठवडे घासलं. हेडमधून सिलिंडरकडे हवा नेणारे चारही पोर्ट आरशासारखे चकाचक झाले, तोंडं रुंद झाली, गाडी जोडून बाहेर काढली. वरच्या आरपीएमला काडीचा फरक नाही, आणि खालचं पिकअप मात्र आधीपेक्षा मेलेलं. नंतर कळलं की अडथळा पोर्टमध्ये नव्हताच. तो फिल्टरच्या डब्याआधीच्या चपट्या नळीत होता, जी दोन क्लिपा आणि एक बोल्ट काढला की हातात येते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मोजायचं, मग फुकटात होणारी कामं करायची, त्यानंतर मॅनिफोल्ड (हवा वाटून प्रत्येक पोर्टपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा भाग), आणि खरंच गरज उरली तर सगळ्यात शेवटी हेड. खाली जे लिहिलंय ते टर्बो नसलेल्या, इंजेक्टर पोर्टमध्ये असलेल्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर धुराचे आणि विम्याचे नियम आधी वाचून घ्या. काही ठिकाणी इनटेकमधला बदल चालत नाही.

थोडा हिशोब

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. १६०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर कागदावर मिनिटाला ४८०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के धरले तरी ४००० लिटरच्या वर, म्हणजे वजनाने मिनिटाला जवळजवळ पाच किलो हवा. तिला आत ढकलणारं काय आहे? फक्त वातावरणाचा दाब, समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल. वाटेत त्यातले तीन गेले की साधारण तीन टक्के हवा गेली, आणि ताकदही जवळपास तेवढीच.

तापमानाचंही तसंच. आत येणारी हवा १० अंशांनी तापली की तिची घनता तीनेक टक्क्यांनी उतरते. बॉनेटखाली उघडा लावलेला सुळक्यासारखा फिल्टर आवाज झकास करतो, पण रेडिएटरमागची गरम हवा ओढून एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतो.

पाण्याची नळी

या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे दोनेक मीटर पारदर्शक नळी आणि रंग घातलेलं पाणी. एका लाकडी फळीवर नळी यू आकारात बसवा, मागे मोजपट्टी चिकटवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक मोकळं ठेवा. दुसऱ्याला लांब नळी जोडून ती फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (एक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) मधल्या पाइपात आणा. तिथे बहुतेक वेळा एखादं छोटं तोंड आधीच असतं. नसेल तर रबरी पाइपात बारीक भोक पाडून नंतर बुच बसवता येतं. इंजिन ओढू लागलं की पाणी एका बाजूला चढतं. दोन पातळ्यांमधलं अंतर मोजायचं. १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. ही नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये कधीही जोडायची नाही. आयडलिंगला तिथला दाब बाहेरपेक्षा ६०-७० किलोपास्कलने कमी असतो, म्हणजे सहा-सात मीटर पाणी वर ओढण्याइतका. तुमची फळी एका घोटात रिकामी होईल आणि ते पाणी सिलिंडरमध्ये जाईल. थ्रॉटलपुढचा दाब हवा असेल तर तो गाडीच्या मॅप सेन्सरकडून (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), डायग्नोस्टिक पोर्टला स्कॅनर लावून घ्या. इंजिन बंद आणि चावी चालू असताना मॅपचा आकडा म्हणजे त्या दिवशीचा वातावरणाचा दाब.

मोजणी वाहतुकीला बंद असलेल्या, मोकळ्या जागेत करा. सोबत दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने पाण्याकडे बघायचं नाही. तिसऱ्या गिअरला एक्सिलरेटर पूर्ण दाबून वरच्या आरपीएमपर्यंत न्यायचं आणि सोबत्याने सर्वात मोठा आकडा टिपायचा. तीनदा करा. मग एकेक भाग तात्पुरता काढून तीच फेरी पुन्हा.

माझ्या गाडीला सगळं जोडलेलं असताना पाणी ३१ सेंटिमीटर यायचं. नवा फिल्टर घातल्यावर २८. पुढची चपटी नळी काढली तर १३. ज्या फिल्टरवर मी इतके दिवस डोळा ठेवून होतो त्याचा वाटा तीनच सेंटिमीटर होता.

मॅप सेन्सरने दाखवलेला एकूण तोटा आणि पाण्याने दाखवलेला तोटा यांतला फरक म्हणजे थ्रॉटल बॉडीचा हिस्सा. तो एक किलोपास्कलच्या आत असेल तर मोठा थ्रॉटल घेऊन हाती फारसं काही लागत नाही. ५० मिलिमीटरचा ५५ केला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं हे खरं, पण ते पूर्ण उघडलेल्या झडपेपुरतं. अर्ध्या पेडलला गाडी जास्त उसळते आणि माणसाला ताकद वाढल्यासारखं वाटतं, एवढंच.

फिल्टरकडची कामं

हवा घेणारं तोंड थंड जागी, ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या वर राहू द्या. बंपरच्या खाली नेऊ नका. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि इंजिनाने पाणी गिळलं की पिस्टनला ते दाबता येत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

पाइप बदलताना मास एअरफ्लो सेन्सर असलेला तुकडा तसाच ठेवा. हा सेन्सर आपल्या नळीतल्या हवेच्या वेगावरून वजन ओळखतो. ६५ मिलिमीटरच्या जागी ७० ची नळी घातली तर क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढतं, तेवढ्याच हवेचा वेग उतरतो, सेन्सर कमी हवा सांगतो आणि पेट्रोलही कमी पडतं. इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर चालतं, भार पडला की ठोकायला लागतं. तेल लावायचा कापडी फिल्टर घेतलात तर तेल अगदी बेताने लावा. जादाचं तेल जाऊन याच सेन्सरच्या तारेवर बसतं.

इतकं झाल्यावर पुन्हा मोजा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं, आणि मला विचाराल तर ते संपू द्यावं.

मॅनिफोल्ड

इंधनाच्या लाइनमधला दाब सोडून आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून मगच मॅनिफोल्ड उतरवा. हेडची उघडी तोंडं लगेच स्वच्छ कापडाने बंद करा. कापड मोठं घ्या. छोटा बोळा आत सरकतो आणि मग तो काढायला हेड उतरवावं लागतं.

मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर जोडावर राहिलेली साच्याची कड धारदार पातीने खरवडा आणि थांबा. त्याच्या रबरी सीलच्या खाचेला हात लावू नका. पोर्ट रुंद करायला तिथे भिंतच नसते.

अॅल्युमिनियमचा असेल तर गॅस्केटशी तोंड जुळवता येतं. ते असं करायचं: नवं गॅस्केट हेडवर बोल्टांच्या आधाराने बसवा. पृष्ठभागाला आधी मार्किंगची निळी शाई किंवा जाड मार्कर फासलेला असावा. गॅस्केटच्या आतल्या कडेने टोकदार सळईने रेघ ओढा. तेच मॅनिफोल्डच्या बाजूला. आता दिसेल की एकाही पोर्टची कड रेघेशी सरळ जुळत नाही. एकीकडे दोन मिलिमीटर धातू पुढे, दुसरीकडे रेघच हवेत.

पुढे आलेला धातू काढायचा, रेघेच्या किंचित आत राहून. आत २०-२५ मिलिमीटरपर्यंत तो उतार हळूहळू मूळ भिंतीत मिळवायचा. फक्त तोंड मोठं करून सोडलं तर आत एक फुगा तयार होतो: हवा तिथे मंदावते, पुढे परत आवळली जाते. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान राहिलं तर चालतं. हवेच्या वाटेत लहानातून मोठ्यात जाणारी पायरी फारसं बिघडवत नाही. समोरून आडवी येणारी कड खूप बिघडवते.

मॅनिफोल्डच्या नळ्या कापून आखूड करण्याचा मोह टाळा. लांब नळी खालच्या आरपीएमला सिलिंडर भरायला मदत करते, आखूड नळी वरच्या. रोजच्या गाडीत वरची ताकद महिन्यातून एकदा लागते, खालची दर सिग्नलला.

हत्यारं

वेग कमी-जास्त करता येणारा डाय ग्राइंडर. ६ मिलिमीटर दांड्याचे कार्बाइड बर (धातू कापणारी दातेरी टोकं), अॅल्युमिनियमसाठी मोठ्या दात्यांचे. बारीक, दुहेरी दात्यांचे बर लोखंडासाठी ठीक, अॅल्युमिनियममध्ये ते दोन मिनिटांत लिंपले जातात. बर अधूनमधून मेणबत्तीच्या मेणावर फिरवा, धातू चिकटत नाही. ग्राइंडिंग स्टोन अॅल्युमिनियमवर अजिबात नको; त्याची छिद्रं भरतात, तो तापतो आणि फुटतो. ६० आणि ८० नंबरचे सँड रोल, व्हर्निअर, सळई, टॉर्क पाना. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल, नाकाला धुळीचा मास्क, कानात बुच. हातमोजे सैल नकोत.

लांब दांड्याचा बर मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने कधीच फिरवू नका. दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि बर सुटून येतो. आधी पोर्टमध्ये घाला, भिंतीला अलगद टेकवा, मग चालू करा. बंद झाल्यावरच बाहेर.

हेड: कमीत कमी धातू

हेड इंजिनावर असताना घासायचं नाही, कितीही बोळे कोंबले तरी. उतरवा, व्हॉल्व्ह काढा, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, स्प्रिंग, लॉक ज्या जागचं त्या जागेचा नंबर टाकून ठेवा.

आता एक पोर्ट घ्या आणि डोळे मिटून बोट आत फिरवा. सुरुवातीला भिंत खडबडीत पण सलग लागेल. वर गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याला धरणाऱ्या नळीचा, उंचवटा. मग पोर्ट वळतो, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यामागच्या वाटीत, सीटच्या (बंद व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्याच्या) जरा खाली, बोटाला एक धारदार कड लागेल. सीट बसवताना कारखान्यातल्या मशीनने जिथपर्यंत कापलं आणि जिथून ओतीव धातू सुरू झाला, तो हा जोड. वेगात वळणारी हवा नेमकी इथे आपटते. या एका कडेचं काम नीट झालं तर पोर्टिंगमधून जे मिळायचं त्यातलं बरंचसं मिळालं असं समजा. बाहेरचं रुंद तोंड फोटोत छान दिसतं, इथली गोलाई कुणाला दिसतही नाही.

ती कड मोडून सीटपासून वाटीपर्यंत सलग उतार करायचा. वाटीचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के असावा. ३० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला २५.५ ते २७. मी पत्र्याची २६.५ मिलिमीटरची गोल चकती कापून तिला तार जोडतो. चारही गळ्यांतून ती सारखीच जाते की नाही बघायचं. अडली तिथे थोडं आणखी.

गाइडचा उंचवटा छाटून टाकायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजू होडीच्या नाळेसारख्या निमुळत्या करायच्या. गाइडला आधार गेला की व्हॉल्व्ह डोलतो.

वळणाच्या आतली बाजू, म्हणजे पोर्टची जमीन जिथे सीटकडे खाली उतरते, ती सगळ्यात नाजूक जागा. हवेला इथे लवकर वळायचं असतं. वळण गोल असेल तर ती भिंतीला धरून वळते, टोकदार झालं तर सुटते आणि अर्धा व्हॉल्व्ह रिकामा राहतो. इथे बर लावूच नका. ८० नंबरच्या पेपरने हाताने ओतीव खडबड घालवा, गोलाई तशीच ठेवा. पोर्टची जमीन खाली खोदणं हा नवशिक्याचा सर्वात आवडता उद्योग, आणि पाण्याचं जॅकेट बहुतेक त्याच भिंतीमागे असतं. भिंत कुठे किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही. भोक पडल्यावर कळतं.

सीटबद्दल माझाच अनुभव. तिसऱ्या सिलिंडरच्या वाटीत शेवटचा हात फिरवत होतो, मान अवघडली म्हणून कोपर हलवलं आणि बर उडी मारून सीटवर चढला. टिक असा आवाज झाला, एवढाच. केसाइतकी रेघ होती. व्हॉल्व्ह घोटून जाते का पाहिलं, गेली नाही. शेवटी मशीनवर सीट कापून घ्यावी लागली. ती कापल्यावर व्हॉल्व्ह खोल बसला, म्हणून उरलेल्या तिन्ही कापाव्या लागल्या. तेव्हापासून बरच्या दांड्याला टेप गुंडाळतो, तोंडाच्या बाजूने काम असेल तेव्हा जुना व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवतो, आणि थकलो की ग्राइंडर बंद.

भिंतीचा शेवटचा हात ६० किंवा ८० नंबरचा, त्यापुढे नाही. आरसा नको. पोर्टमध्ये फवारलेल्या पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर ओघळून पातळ थर बनतात. थोडी खरखर त्यांना पुन्हा हवेत उडायला मदत करते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात ही अडचण नाही, पण तिथे व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साठते, कारण ती धुवायला पेट्रोल येतच नाही. अशा इंजिनात पोर्टिंगचा विचार करण्याआधी ती काजळी काढा.

आणि रुंदी? पोर्टचं क्षेत्रफळ वाढलं की त्याच हवेचा वेग त्याच प्रमाणात उतरतो. कमी आरपीएमला सिलिंडर भरण्यात तो वेगच कामाला येतो. माझ्या पहिल्या हेडचं पिकअप गेलं ते इथेच.

चारही सारखे

व्हॉल्व्ह सीटवर बसवा, बारीक ग्रीस लावून. पोर्टचं तोंड वर येईल असं हेड टेका, त्यावर भोक असलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडा. किती मिलिलिटरला भरला ते लिहा. घासण्याआधी चारही मोजलेले असतील तरच याला अर्थ आहे, तेव्हा हे काम खरं तर पहिल्या दिवशी करायचं. शेवटी चारही एकमेकांच्या १ मिलिलिटरच्या आत आणतो. लहान राहिलेला मोठा करायचा, पण सगळ्यात मोठ्याच्या मागे धावत सगळे वाढवत न्यायचे नाहीत.

धुणं

इथे घाई केलेल्या इंजिनांची बेअरिंगं जातात. अॅल्युमिनियमचा बुरा चुंबकाला लागत नाही, म्हणून चुंबक फिरवून समाधान मानू नका. गरम साबणाचं पाणी, बाटली घासायचे ब्रश, तेलाच्या प्रत्येक वाटेत बारीक ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा. परत पाणी, परत हवा. पांढऱ्या कापडावर करडा डाग येणं थांबलं की झालं. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो अॅल्युमिनियम खातो.

जोडणी

हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासा; मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. व्हॉल्व्हचे स्टेम सील नवे. स्प्रिंग बसवल्यावर पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता आणि काही मिनिटं खालून पाहा. व्हॉल्व्हच्या कडेने पाझर दिसला तर ती सीट पुन्हा घोटा.

हेड गॅस्केट नवंच. ताणून बसणारे हेड बोल्ट असतील तर तेही नवे, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. मधून बाहेरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टप्प्यांत आवळा. टायमिंगच्या खुणा जुळल्या की क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, परत उघडा.

पहिली सुरुवात

सुरू झाल्यावर स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के कमी-जास्त करतोय ते. आयडलिंगला ट्रिम दहा टक्क्यांच्या वर अधिक बाजूला जात असेल आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल तर मॅनिफोल्डच्या जोडातून हवा गळते आहे. गळती धुराने शोधा. गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून शोधण्याची पद्धत सर्रास चालते, मी करत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बॅटरी काढल्यावर त्याला आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, तोवर रेस वर-खाली होईल.

पूर्ण भाराखाली मिश्रण वाइडबँड सेन्सरने पाहा. साध्या चालीत ते (एक भाग पेट्रोलाला हवेचे किती भाग) १४.७ च्या आसपास असतं; पेडल पूर्ण दाबल्यावर १२.५ ते १३ हवं. त्याहून लीन दिसलं किंवा ठोकण्याचा आवाज आला तर पाय काढा, ट्यून होईपर्यंत गाडी हळू चालवा.

हजारेक किलोमीटरनंतर कूलंटची पातळी बघा, फळीवरची नळी परत जोडा, आणि त्याच जागी, त्याच गिअरमध्ये ती फेरी पुन्हा मारा. पहिल्या दिवशीचा कागद फेकला नसेल अशी आशा आहे.